३ कानिल ते ९ ईश: ग्वातेमालातले सात दिवस

शनिवार, १० फेब्रुवारी २०२४ (३ कानिल)

मुंबईहून निघून, दोन विमाने बदलून, मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला सिटीला उतरेपर्यंत आमचे दिवस-रात्रीचे भान पुरते हरपले होते. इथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते. विमानतळावरून टॅक्सीने आम्ही थेट अंतिग्वाला गेलो. हे शहर एके काळी राजधानी होते, परंतु १७७३च्या भूकंपात ते इतके कोसळले की तीन वर्षांनी राजधानीच उचलून आजच्या जागी नेली. अर्धवट पडलेली चर्चे, दगडी फरसबंदीचे रस्ते आणि मागे ज्वालामुखी, असे हे देखणे गाव आहे. पण आम्ही स्पॅनिश वास्तू पाहायला आलो नव्हतो, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही.

संध्याकाळी एका दुकानात इथल्या मूळ रहिवासी माया लोकांची छापील दिनदर्शिका मिळाली आणि पुढचा सगळा प्रवास मी तिच्याच आधाराने केला. गणित शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली असल्यामुळे तिची रचना कळायला वेळ लागला नाही. वीस दिवसांची वीस नावे आहेत आणि त्यांच्याबरोबर १ ते १३ हे आकडे फिरतात. दोन्ही चक्रे एकाच वेळी एकेक पाऊल पुढे सरकतात, म्हणून तीच जोडी पुन्हा यायला २६० दिवस लागतात. आपल्याकडे वार आणि तिथी शेजारी शेजारी चालतात, तसेच हे. फरक इतकाच की इथे चंद्राचा संबंध नाही, त्यामुळे क्षय नाही आणि वृद्धीही नाही. या गणनेला किचे या माया भाषेत चोलकीह म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्या व्यक्तीला आहकीह, म्हणजे दिवसांचा जाणकार. आजचा दिवस ३ कानिल होता. कानिल म्हणजे बियाणे, मक्याचे दाणे.

दुकानाशेजारीच एक बाई तव्यावर, म्हणजे इथल्या भाषेत कोमालवर, मक्याच्या तोर्तिया भाजत होत्या. दोन्ही तळव्यांत गोळा थापण्याचा तो पट-पट आवाज ऐकून क्षणभर मी आजीच्या चुलीपुढे जाऊन बसले. मात्र भाकरीत नसलेली एक गोष्ट इथे असते, ती म्हणजे चुना. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग टरफले चोळून धुऊन काढतात आणि त्यानंतर वाटतात. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळे शरीराला मिळू शकते. मका युरोपात गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. परिणामी इटली-स्पेनमध्ये केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग जडला. धान्य नेले आणि पाककृती मागे ठेवली, असा तो प्रकार.

रविवार, ११ फेब्रुवारी (४ तोह)

चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. पहाटे निघून, घाटातली वळणे मोजत, आम्ही नऊच्या सुमारास पोहोचलो तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नव्हती. मुखवटे, कापड, कोंबड्या, चुन्याचे खडे, फुलांचे भारे आणि या सगळ्याच्या वर तरंगणारा धूर. तो धूर सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवरून येत होता.

हे पांढरे चर्च सोळाव्या शतकात जुन्या माया चौथऱ्यावर बांधले. चौथऱ्याच्या अठरा पायऱ्या अजून आहेत आणि माया सौर वर्षाचे वीस वीस दिवसांचे महिनेही अठराच असल्यामुळे लोक या दोहोंची सांगड घालतात. खालच्या पायऱ्यांवर फुलवाल्या बसतात. वरच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात पोम, म्हणजे कोपाल झाडाची राळ, जाळून तो डबा तारेने हलवत होते आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. वास ऊद आणि धूप यांच्या मधला. मुख्य दाराने आत जाणे परक्यांनी टाळावे असा संकेत आहे, म्हणून आम्ही बाजूच्या दाराने गेलो. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वेदीवर संतांच्या मूर्ती होत्या, पण गर्दी त्यांच्यापुढे नव्हती. मधल्या वाटेवर जमिनीलगत बुटके दगडी ओटे आहेत. त्यांवर मेणबत्त्या चिकटवून, गुलाबाच्या पाकळ्या पसरून, दारूचे थेंब शिंपडून माणसे आपल्या पूर्वजांशी बोलत होती. कुणी भांडत असावे असा एका बाईचा सूर होता.

याच चर्चच्या आवारात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्रीने ‘पोपोल वुह’ या किचे ग्रंथाची नक्कल केली. मूळ हस्तलिखित हरवले. त्यांची नक्कल आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्यातल्या सृष्टिकथेत देव आधी मातीची माणसे करतात, ती विरघळतात; मग लाकडाची करतात, ती देवांना विसरतात; शेवटी मक्याच्या पिठाची करतात, ती टिकतात. कालचा तो पट-पट आवाज आता निराळाच ऐकू येऊ लागला.

दुपारी आमचा वाटाड्या आम्हाला पास्क्वाल अबाह या टेकडीवरच्या देवस्थानाकडे घेऊन गेला. तो स्वतः किचे होता आणि स्पॅनिश शाळेत जाऊन शिकला होता. पाइनच्या झाडीत एक काळवंडलेला, झिजलेल्या चेहऱ्याचा दगड, त्याच्याभोवती दगडांचे कडे आणि पुढे राखेचा थर. एक कुटुंब पूजेला आले होते. त्यांच्या आहकीह बाई होत्या. त्यांनी पिशवीतून साखर काढली आणि चिमटीतून सोडत जमिनीवर आधी वर्तुळ आणि त्यात फुली काढली. चिमटीचा तो कोन, मनगटाची ती गती, रेघ तुटू न देण्याची ती दक्षता, हे सगळे मी हजार वेळा उंबऱ्यापाशी पाहिलेले होते. फक्त रांगोळीच्या जागी साखर होती. मग त्या रेघांवर पोमच्या वड्या, दालचिनी, चॉकलेट आणि चार दिशांना चार रंगांच्या मेणबत्त्या मांडल्या: पूर्वेला तांबडी, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी. मध्ये हिरवी आणि निळी. मग सर्व पेटवले.

“आज तोह,” वाटाड्याने हलक्या आवाजात सांगितले. “आज देणे फेडायचे. पैशाचे असो वा कुणाचे मन दुखवल्याचे असो. आकडा चार असल्यामुळे फार मोठेही नाही आणि लहानही नाही.” मुलाच्या आजारपणात बोललेला नवस ते कुटुंब फेडत होते. आम्ही दूर उभे राहिलो. साखर जळल्याचा कॅरमेलसारखा वास रात्री अंगावरच्या शालीलाही येत होता.

सोमवार, १२ फेब्रुवारी (५ त्सी)

आतित्लान सरोवर म्हणजे सुमारे ऐंशी हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकानंतर खचलेले विवर आहे आणि त्याच्या दक्षिण काठावर सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान असे तीन ज्वालामुखी उभे आहेत. पानाहाचेलहून लाँचने तासाभरात सांतियागो आतित्लान गाठले. हे त्सुतुहिल या माया लोकांचे गाव. इथले पुरुष अजूनही पक्ष्यांच्या भरतकामाची गुडघ्याखाली येणारी विजार घालतात, आणि इथल्या स्त्रीचे चित्र देशाच्या २५ सेंतावोच्या नाण्यावर आहे.

इथे माशिमोन पाहायचा होता. त्याला इथे रिलाह माम म्हणतात, अर्थ साधारण ‘आजोबा’. लाकडी मूर्ती, अंगावर डझनभर रुमाल आणि टाय, डोक्यावर हॅट, तोंडात पेटलेला चिरूट. शेजारी बसलेला सेवेकरी चिरूटाची राख अधूनमधून झाडत होता आणि मध्येच मूर्तीला किंचित मागे कलवून तिच्या तोंडात दारू ओतत होता. नवस, व्यापारातली बरकत, तुटलेले लग्न, सगळे या आजोबांपुढे मांडले जाते. मूर्ती देवळात राहत नाही. ती दरवर्षी पवित्र सप्ताहानंतर दुसऱ्या सेवेकऱ्याच्या घरी राहायला जाते, आणि तो मान मिळवण्यासाठी कुटुंबे बरेच पैसे खर्च करतात. शिमग्यात पालखी घरोघरी नेणाऱ्या कोकणी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. पाद्र्यांनी या मूर्तीवर अनेकदा बंदी घालून पाहिली. आजोबा अजून चिरूट ओढत आहेत.

गावातल्या चर्चमध्ये मात्र मन जड झाले. १९६० ते १९९६ या यादवी युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली आणि सत्यशोधन आयोगाने ओळख पटवलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. इथले धर्मगुरू स्टॅनली रॉदर यांना मारेकऱ्यांनी जुलै १९८१मध्ये त्यांच्या खोलीत ठार केले. शरीर अमेरिकेला नेले, पण त्सुतुहिल लोकांनी हृदय मागून घेतले आणि ते या चर्चमध्ये आहे. २ डिसेंबर १९९० रोजी लष्कराने निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, तेव्हा या गावाने सह्या गोळा करून लष्कराचा तळ हलवायला लावला. त्सी म्हणजे कुत्रा, आणि माझ्या दिनदर्शिकेत त्याच्यापुढे ‘न्याय’ असा अर्थ दिला होता. मी वही मिटली.

परतीला उशीर झाला आणि त्याची शिक्षा मिळाली. दुपारनंतर सरोवरावर शोकोमिल नावाचा वारा सुटतो. लाँच लाटेवर चढे आणि धाडकन आपटे. माझे पती पुढच्या फळीवर बसले होते. त्यांची कंबर त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस बोलत होती. निघताना नावाड्याने मागे बसा असे खुणेने सांगितले होते, हे नमूद करणे भाग आहे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी (६ बाट्स)

आज घरी माघी गणेश जयंती, इथे कार्निव्हलचा मंगळवार आणि डोंगरातल्या गणनेप्रमाणे बाट्स. बाट्स म्हणजे माकड, आणि सूतही. विणकरांचा हा दिवस, म्हणून सान हुआन ला लागुना या गावी जायचे मी मुद्दाम आजवर ठेवले होते.

इथल्या बायकांच्या सहकारी विणकाम केंद्रात कापसापासून कापडापर्यंत सगळे दाखवतात. सरकी काढलेला कापूस पेळू न करता काठीने झोडपून मोकळा करतात. मग सूतकताई. ज्या चातीवर बाई सूत कातत होत्या ती म्हणजे आपली टकळीच, फक्त तिचे टोक मातीच्या वाडग्यात टेकवलेले. शाळेत आम्हाला टकळी शिकवली होती, असे मी खुणांनी सांगितल्यावर त्यांनी ती माझ्या हाती दिली. तीन वेळा सूत तुटले. सगळ्या हसल्या, मीही हसले.

रंग झाडपाल्याचे आणि किड्याचे. निवडुंगावरचा कोचिनिल किडा बाईंनी माझ्या तळहातावर ठेवून बोटाने चिरडला आणि करडा ठिपका बघता बघता कुंकवासारखा झाला. त्यावर लिंबाचा थेंब पिळताच तो नारिंगी झाला. निळा रंग पानांचा, शेंदरी रंग शेंद्रीच्या बियांचा. रंग पक्का करायला केळीच्या खोडाचा रस वापरतात. कातडी पट्ट्याने माग कमरेला बांधायचा आणि दुसरे टोक खांबाला. बाई मागे रेलल्या की ताणा ताठ होतो, पुढे झुकल्या की सैल पडतो. म्हणजे माग चौकटीत नसतो, अंगात असतो. ताण किती द्यायचा हे पाठीलाच ठाऊक असते. एका हुईपीलला, म्हणजे अंगातल्या चौकोनी पोलक्याला, नक्षीप्रमाणे कित्येक महिने लागतात. म्हणूनच बाजारात त्याची किंमत निम्मी करून मागणारे पर्यटक पाहिले की मला संताप येतो. पैठणीचे काम पाहिलेल्या माणसाने तरी ते करू नये.

गावातली मुले रंगीत कागदाचे बारीक तुकडे भरलेली अंड्यांची टरफले एकमेकांच्या डोक्यावर फोडत होती. एक माझ्याही डोक्यावर फुटले. केसांतले तुकडे शेवटच्या दिवशी तिकालला पोहोचेपर्यंत निघत होते.

बुधवार, १४ फेब्रुवारी (७ ए)

‘ए’ म्हणजे वाट, आणि दिवसही बहुतेक वाटेतच गेला. तेक्पानजवळचे इशिम्चे हे काकचिकेल या माया लोकांच्या राजधानीचे अवशेष. १४७०च्या सुमारास वसवलेली ही नगरी १५२४मध्ये स्पॅनिश सैन्याच्या हाती लागली. काकचिकेल आधी मित्र म्हणून त्यांच्या बाजूने लढले, मग सोन्याची मागणी असह्य झाल्यामुळे त्याच वर्षी त्यांनी बंड केले. पायथे शिल्लक आहेत, गवत छान राखलेले आहे. मार्च २००७मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश इथे येऊन गेल्यावर माया पुरोहितांनी हे स्थळ विधिपूर्वक शुद्ध करून घेतले होते. अवशेषांच्या मागच्या झाडीतील वेदीवर आजही ताजी राख होती.

संध्याकाळी विमानतळावर अर्ध्या माणसांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता, कारण आज राखेचा बुधवार. दिवसभरात दोन धर्मांची राख पाहून आम्ही रात्री उत्तरेकडच्या पेतेन प्रांताच्या विमानात बसलो.

गुरुवार, १५ फेब्रुवारी (८ आह)

फ्लोरेस हे पेतेन इत्झा सरोवरातले चिमुकले बेट. याच जागी नोहपेतेन होते, इत्झा लोकांची राजधानी आणि शेवटचे स्वतंत्र माया राज्य. ते १३ मार्च १६९७ रोजी पडले. ही तारीख वाचून मी थबकले, कारण त्याच सुमारास राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. माया संस्कृती म्हटले की आपल्या मनात अतिप्राचीन काही येते. वास्तविक तिचे शेवटचे राज्य शिवराज्याभिषेकानंतर तेवीस वर्षे टिकून होते.

स्पॅनिश सेनानी कोर्तेस १५२५मध्ये इथून गेला तेव्हा त्याने एक जायबंदी घोडा राजाकडे सांभाळायला ठेवला. घोडा कुणी पाहिलेला नव्हता. तो मेला, तेव्हा लोकांनी त्याची मूर्ती केली आणि तिची पूजा सुरू झाली. १६१८मध्ये आलेल्या पाद्र्यांनी ती फोडली आणि त्यांना जीव मुठीत धरून निघावे लागले.

दुपारी यशा या माया अवशेषांतल्या उंच देवळावरून सरोवरापलीकडचा सूर्यास्त पाहिला आणि लवकर झोपलो.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी (९ ईश)

ईश म्हणजे जग्वार. नावाचा आपल्या ईशाशी संबंध नाही, पण आज पंचांगाप्रमाणे रथसप्तमी होती आणि आम्ही सूर्योदयासाठीच पहाटे तिकाल या प्राचीन माया शहराच्या जंगलात चालत होतो, तेव्हा योगायोगाची गंमत वाटल्यावाचून राहिली नाही. विजेरीच्या प्रकाशात वाट दिसत होती तेवढीच. चौथ्या क्रमांकाच्या मंदिराची उंची सुमारे ६५ मीटर आहे. लाकडी जिन्याने वर जाऊन आम्ही पूर्वेकडे तोंड करून बसलो. सूर्य दिसला नाही. फेब्रुवारीतले धुके सगळे जंगल झाकून होते. पण अंधार विरत असताना हाऊलर माकडांनी घसा फोडून जी डरकाळी दिली, ती ऐकून शेजारच्या जर्मन बाईंनी माझा हात घट्ट धरला. मग धुक्यातून आधी पहिल्या, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या मंदिराची टोके वर आली. खाली सगळे पांढरे, वर तीन दगडी तुरे. मी मनातल्या मनात अर्घ्य दिले.

या मंदिरांच्या दारांवरच्या तुळया लाकडी होत्या आणि त्या चिकूच्या लाकडाच्या होत्या. होय, डहाणू-घोलवडचा चिकू. झाड इथलेच, त्याचे लाकूड इतके चिवट की आठव्या शतकात कोरलेल्या तुळया टिकल्या. चौथ्या मंदिरातल्या काही तुळया एकोणिसाव्या शतकात काढून नेल्या, त्या आज स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संग्रहालयात आहेत. वाटेत चिकूच्या जुन्या खोडावर तिरकस चरांचे आडवे-उभे जाळे दिसले. च्युइंगमसाठी चीक गोळा करणाऱ्यांनी पाडलेल्या त्या खाचा होत्या.

तिकालला नदी नाही. लाखभर माणसांचा गजबजाट होता असे ज्या शहराविषयी मानतात, ते पूर्णपणे पावसाच्या पाण्यावर उभे होते. गिलावा केलेली पटांगणे किंचित उतरती ठेवून सगळे पाणी तळ्यांत वळवले होते. २०१८मध्ये जाहीर झालेल्या लेसर-सर्वेक्षणाने उत्तर पेतेनच्या २,१०० चौरस किलोमीटर जंगलाखाली ६० हजारांहून अधिक बांधकामे दाखवली. म्हणजे ज्याला आपण अरण्य म्हणत होतो ते मोठ्या प्रमाणात उजाड वस्ती होती. इथला शेवटचा तारीख असलेला स्तंभ इ.स. ८६९चा. दुष्काळ, युद्धे, जंगलतोड, सगळे एकत्र आले असावे. लोक मेले नाहीत इतके पांगले.

मी ज्याच्यासाठी आले होते तो मात्र २२ क्रमांकाचा स्तंभ. जोड-पिरॅमिडांच्या आवारात, आकाशाखाली उभा. वाटाड्याने डाव्या कडेकडे बोट दाखवले: दोन आडव्या रेघा आणि तीन ठिपके. रेघ म्हणजे पाच, ठिपका म्हणजे एक. ‘१३ अहाव’, जानेवारी ७७१. पिशवीतून मी दिनदर्शिका काढली. आजच्या चौकोनात एक रेघ आणि चार ठिपके होते, ९ ईश. तीच लिपी, तीच रीत. चुकत नसेन तर या दोन दिवसांमध्ये ४,५७,६७४ दिवस आहेत. १३ आणि २० यांनी भागून पाहिले आणि बाकी बरोबर आली. राजे गेले, लिपी वाचणारे गेले, १५६२मध्ये मेक्सिकोतल्या युकातानात माया पोथ्यांची होळी झाली. तरीही डोंगरातल्या निरक्षर आजीबाई आज जो दिवस सांगतात, तो याच दगडावरून मोजत आल्यास येतो. आपण ‘लुप्त’ हा शब्द किती सहज लावतो!

परतताना मोठ्या चौकात आलो. समोर पहिले मंदिर, त्याच्या पोटात आठव्या शतकातल्या हासाव चान काविल या राजाचे थडगे. त्या चौकातल्या गोल वेदीभोवती दहा-बारा माणसे बसली होती, साखरेचे वर्तुळ पेटलेले होते आणि एक वयस्क आहकीह मोजत होते. प्रत्येक दिवसाचे नाव, आणि प्रत्येक नावाला एक ते तेरा. हुन ईश, केब ईश, ओशिब ईश. तेराला पोहोचले की पोमची एक मूठ आगीत, मग पुढचे नाव. हुन त्सिकिन, केब त्सिकिन. गळ्यात कॅमेरे अडकवलेले पर्यटक येत, थांबत, पुढे जात. आम्ही गवतावर बसलो. वाटाड्याने घड्याळ दाखवले, कारण अकराची बस होती. आम्ही उठलो तेव्हा ते तिहाशपर्यंत पोहोचले होते. अजून पंधरा नावे बाकी होती.